नकारातून ओळख : दोन मेटल कंपन्यांच्या सूची

सूची म्हणजे नुसती यादी नव्हे. नॉटिंगहॅमची 'इअरएक' ही हेवी मेटलची छोटी स्वतंत्र कंपनी घ्या. तिच्या रेकॉर्डचे क्रमांक 'मॉश'ने सुरू होत. मॉश म्हणजे मैफलीतली धक्काबुक्की. नेपाम डेथचा 'स्कम' (१९८७) हा मॉश ३. पुढे ऑस्लोच्या 'डेथलाइक सायलेन्स'ने आपल्या रेकॉर्डवर छापलं, 'अँटी-मॉश'! स्वीडनच्या मर्सिलेसचा 'द अवेकनिंग' (१९९०) हा अँटी-मॉश १.

दिङ्नागाचा अपोहवाद आठवा : जे गाय नाही ते सगळं वगळलं, की 'गाय' शब्दाचा अर्थ कळतो. इथे तसंच आहे. पण गंमत बघा, जे नाकारायचं त्याचंच नाव प्रत्येक क्रमांकात मिरवावं लागलं. नकाराने वेगळेपण कळतं. आपण कोण, हे मात्र संगीतानेच सांगावं लागतं.