ऑक्सिजनचा वॉल्व्ह बंद कोणी करायचा?

पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत खाली दुकाने आणि वर रुग्णालय ही रचना सवयीची झाली आहे. जिना अरुंद, लिफ्ट एक. आग लागली तर व्हेंटिलेटरवरचा रुग्ण कोणत्या वाटेने बाहेर काढणार, हे नातेवाईक विचारत नाहीत. भिंतीवरचे लाल सिलिंडर पाहून सर्वांचेच समाधान होते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात आग लागली. ७ बाळे वाचली, १० दगावली. त्यांतली ३ भाजल्याने, तर ७ धुराने गुदमरून गेल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली. तिन्ही वेळा जागा तीच, अतिदक्षता विभाग.

याला कारण आहे. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. सैल मास्क किंवा गळक्या जोडणीमुळे बंद खोलीत तो चार-पाच टक्क्यांनी वाढला, तरी चादर, केस, प्लास्टिक झपाट्याने पेटतात. एसी चोवीस तास चालू असतो. एका खाटेमागे व्हेंटिलेटर, मॉनिटर, दोन-तीन पंप, आणि हे सगळे कित्येकदा एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. खिडक्या बंद. गादीचा फोम जळला की कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचे विषारी वायू सुटतात. ज्वाळा दिसण्याआधीच रुग्ण बेशुद्ध होतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते हवेच. पण रात्री दोन वाजता वॉर्डात प्रमाणपत्र नसते, एक सिस्टर आणि एक मावशी असतात. ऑक्सिजनचा वॉल्व्ह कुठे आहे, पेटीची किल्ली कोणाकडे आहे आणि तो बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्यांना माहीत हवे. हा अधिकार ड्युटीवरच्या सिस्टरला लेखी दिलेला बरा. साहेबांचा फोन लागेपर्यंत धूर थांबत नाही. मात्र वॉल्व्ह बंद करण्याआधी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना अंबू बॅग किंवा छोट्या सिलिंडरवर घ्यावे लागते. मग त्यांना थेट रस्त्यावर नव्हे, तर त्याच मजल्यावर आगरोधक दरवाजापलीकडच्या वॉर्डात हलवायचे. जिन्याचा विचार त्यानंतर. लिफ्ट नाहीच.

सराव सहसा दुपारी, अधिकाऱ्यांसमोर, फोटोसह होतो. तो एकदा रात्रपाळीला, आहे तेवढ्याच माणसांत, रुग्णाच्या जागी कर्मचाऱ्याला झोपवून करावा आणि घड्याळ लावावे. पहिला प्रयत्न बहुधा फसतो. खाट दारात अडकते, वॉल्व्हच्या पेटीसमोर कपाट निघते आणि जिन्याखाली ठेवलेले सलाइनचे खोके तेव्हाच सगळ्यांच्या नजरेस पडतात.