नळावरची रांग आणि राज्यघटना

गोव्यात डिचोली-पेडण्याच्या गावांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा आता बहुतेक लहानच आहेत. सर्वणसारख्या गावांच्या टापूत पहिली ते चौथीचे वर्ग एकाच शिक्षिकेने, नाहीतर दोघींनी मिळून सांभाळायचे, हे नवं राहिलेलं नाही. घरी कोंकणी बोलणारी मुलं इथे मराठीतून शिकतात आणि त्यांच्या शेजारी कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची, घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलंही बसतात. अशा शाळेबद्दल बोलताना पटसंख्या, माध्यम आणि इमारत यांवर भरपूर चर्चा होते. मुलं माणूस म्हणून कशी घडतात, हा विषय मात्र ‘हल्ली संस्कार राहिले नाहीत’ या एका वाक्यात उरकला जातो. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: फळ्यावर सुविचार, प्रार्थनेनंतर बोधकथा, जमल्यास मूल्यशिक्षणाचा वेगळा तास. यात वाईट काही नाही, पण एवढ्याने चारित्र्य घडत नाही. प्राथमिक वयात मूल ऐकण्यापेक्षा वागून शिकतं. शाळेचा दिवस त्याला न्यायाने वागायची संधी देतो की नाही, यावर बाकीचं अवलंबून असतं.

आपल्याकडे मूल्यांच्या याद्यांची कमतरता कधीच नव्हती. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने 1999 साली सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्यं शिक्षणाचा पाया मानली. महाराष्ट्राच्या शाळांत वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता अशी दहा मूल्यं परिपाठात आली. अडचण यादीची नसून यादी वागण्यात कशी उतरते याची आहे. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या अमेरिकी संशोधकांनी 1920 च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना खोटं बोलायची, नक्कल करायची, पैसे उचलायची संधी मिळेल असे प्रसंग मुद्दाम रचून पाहिले. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवत होतं आणि नीतिपाठ मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा फारशी वेगळी वागत नव्हती. फरक पडत होता तो वर्गावर्गांत: काही वर्गांत नक्कल सर्रास, काहींत तुरळक. पखवाजाचे बोल तोंडपाठ असले म्हणून हात बसत नाही, तसंच हे. मूल्याचं नाव माहीत असणं आणि मोहाच्या क्षणी हात आवरणं यांच्यामध्ये सरावाची मोठी वाट असते आणि तो सराव सोबतच्या मुलांमध्येच होतो.

या दिशेने आपल्या भागातला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे ‘मूल्यवर्धन’. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 2009 साली बीड जिल्ह्यात तो सुरू केला. पुढे महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत तो पसरला आणि गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांपर्यंतही आला. मूल्यं राज्यघटनेतून घ्यायची आणि ती कृतीतून, जोडीत व गटात बोलून रुजवायची, ही त्याची रीत. अशा रीतीचा वर्ग कसा दिसतो ते पाहा. मधल्या सुट्टीत नळावर ढकलाढकली होते. बाई ‘शिस्तीत राहा’ असं न सांगता मुलांना जोडी-जोडीने बोलायला बसवतात: आधी पाणी कोणी घ्यावं आणि का? चौथीतला म्हणतो, मोठ्यांनी. पहिलीतली म्हणते, जो आधी आला त्याने. कोणी तरी ताप येऊन गेलेल्या मैत्रिणीची आठवण काढतं. शेवटी ठरतं की रांग सगळ्यांना, आजारी मुलाला पुढे जागा. हा नियम मुलांच्याच अक्षरात भिंतीवर लागतो, आठवड्याने तपासला जातो आणि अडचण आली तर बदलतो. न्याय, समता, सहानुभूती यांतला एकही शब्द न उच्चारता तिन्हींचा धडा झालेला असतो.

यावरचा पहिला आक्षेप असा की हे काम घराचं आणि गावाचं. गणेश चवथीला सगळं कुटुंब एकत्र येतं, देवळात भजन होतं, जत्रेत सारा गाव राबतो; मूल तिथेच घडतं. ते खरंच आहे. पण घर आणि वाडा प्रामुख्याने आपल्या माणसांशी कसं वागावं ते शिकवतात. ज्याच्याशी नातं नाही, ज्याची जात, धर्म, भाषा वेगळी आहे, त्यालाही आपल्याइतकाच हक्क आहे, हे रोज अनुभवायची पहिली जागा बहुतेक मुलांसाठी शाळा असते. माध्यान्ह आहाराचा भाजी-पाव घेताना कन्नड बोलणाऱ्या मुलाला मागे ढकललं गेलं, तर त्याची दखल शाळेलाच घ्यावी लागते. हे काम घर शाळेऐवजी करू शकत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. एकट्या शिक्षिकेला चार इयत्ता, शिवाय कागदपत्रं. त्यात आणखी एक ओझं कशाला? पण जोसेफ डुर्लाक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये शाळांतल्या सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या 213 कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले, त्यांत 2,70,000 हून अधिक विद्यार्थी होते. वर्गशिक्षकांनीच चालवलेले उपक्रम परिणामकारक ठरले होते आणि मुलांचा अभ्यासही सुधारला होता. मात्र 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, अमेरिकेतल्या 84 प्राथमिक शाळांत अशाच सात कार्यक्रमांची कसून चाचणी झाली, तेव्हा सरासरीने काहीच फरक आढळला नाही. हा निकाल बाजूला सारून चालणार नाही. त्याचा अर्थ एवढाच की तयार पुस्तिका आणि प्रशिक्षणाचे दोन दिवस पुरेसे नाहीत. शाळेचं रोजचं वागणं बदललं तरच काही हाती लागतं. इथे लहान शाळेची बाजू उलट बळकट ठरते. चार इयत्ता एकत्र बसतात म्हणून मोठं मूल धाकट्याला वाचायला मदत करतं, धाकटं त्याच्याकडे बघून बुजरेपणा सोडतं. जबाबदारी घेण्याची ही संधी भरगच्च वर्गात मुद्दाम तयार करावी लागते.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक: मूल्यं कोणाची? पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम सांगतं. मग बोधकथा कुठल्या ग्रंथातली, यावर वाद होतो. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हा आधार घेतला की वाद पूर्ण मिटत नाही, पण चर्चेला सर्वांना मान्य असलेली जागा मिळते. या मूल्यांना गुण देण्याचा मोह मात्र टाळावा. प्रामाणिकपणाला दहापैकी गुण मिळू लागले की मूल प्रामाणिक दिसायला शिकेल. मोजायचंच असेल तर शाळेने स्वतःला मोजावं: भांडण कसं मिटतं, वर्गात कोण गप्प राहतं, झाडू नेहमी मुलींच्याच हाती येतो का?

पालक-शिक्षक संघाच्या सभेतही हेच विचारायला हवं. सुविचार रोज लिहिला जातो का, यापेक्षा मुलांनी केलेला एखादा नियम मोठ्यांनाही लागू आहे का, हे पाहावं. उशिरा येणाऱ्याने कारण सांगायचं असं ठरलं असेल, तर उशीर झालेल्या शिक्षिकेनेही ते सांगावं आणि पालकांनीही. नियम मोठ्यांनाही बांधतो हे दिसलं, तरच मूल त्याला धाक न मानता न्याय मानू लागतं.