साताऱ्याच्या पवनचक्क्या म्हाताऱ्या झाल्या, पण नव्या लावणं इतकं अवघड का आहे?

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा दिसतात. पावसाळ्यात या पठाराचे रील्स भरपूर फिरतात. रीलमध्ये दिसत नाही ती गोष्ट म्हणजे यातल्या अनेक चक्क्यांचं वय झालंय.

पवनचक्कीचं आयुष्य साधारण 20 ते 25 वर्षांचं धरलं जातं. चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे भागात चक्क्या उभ्या राहायला सुरुवात झाली ती 1990 च्या दशकाच्या अखेरीस. दुसरीकडे, मार्च 2025 मध्ये देशाची पवनऊर्जा क्षमता 50 गिगावॅटवर पोहोचली आणि 2030 पर्यंत ती सुमारे 100 गिगावॅटवर न्यायचं नियोजन आहे. मग उत्तम वाऱ्याच्या जागी जुन्या चक्क्या काढून नव्या का लावत नाहीत?

फायदा किती?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते. म्हणून वाऱ्याची जागा सोन्याच्या मोलाची असते. वनकुसवडेतल्या बऱ्याच जुन्या चक्क्या 350 किलोवॅटच्या आहेत. आजची चक्की 3,000 किलोवॅटची असते, म्हणजे एक नवी साधारण आठ जुन्यांच्या बरोबरीची. उंची जास्त असल्यानं तिला वाराही जोरदार मिळतो. थोडक्यात, सर्वात चांगल्या जागा सर्वात लहान चक्क्यांनी अडवून ठेवल्या आहेत.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण मालकीची. त्या काळी पवनचक्कीवर करात घसाऱ्याची मोठी सवलत मिळायची, पुढे ती पहिल्या वर्षी 80 टक्के होती. त्यामुळे वीजधंद्याशी संबंध नसलेल्या अनेकांनी कर वाचवायला एक-दोन चक्क्या घेतल्या. आता मोठं पातं फिरायला दोन चक्क्यांमध्ये शेकडो मीटर अंतर लागतं. म्हणजे एक नवी चक्की लावायला अनेक मालकांचं एकमत हवं.

दुसरी अडचण हिशोबाची. जुन्या चक्कीचं कर्ज केव्हाच फिटलेलं असतं. ती कमी का होईना, पैसे देत राहते. नवीसाठी पुन्हा कर्ज काढायचं आणि वीज विकायची स्पर्धेच्या दरानं. 2017 च्या पहिल्या लिलावात हा दर युनिटला 3.46 रुपयांपर्यंत उतरला होता. त्यानंतर देशात नवी उभारणीच मंदावली. 2016-17 मध्ये सुमारे 5.5 गिगावॅटची भर पडली होती, पुढच्या वर्षी ती 2 गिगावॅटच्याही खाली आली.

तिसरी अडचण रस्त्यांची आणि तारांची. नव्या चक्कीचं एकेक पातं 70 मीटरच्या आसपास असतं. ते घाटातल्या वळणांवरून वर न्यायचं म्हणजे रस्ते रुंद करणं आलं. उपकेंद्रं आणि वाहिन्याही जुन्या क्षमतेनुसार बांधलेल्या आहेत.

आणि निसर्ग?

2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. हे पठार त्याला लागूनच आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीत केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते आणि त्यांच्या तोंडी जाणाऱ्या सरड्यांची संख्या वाढली होती. म्हणजे चक्कीचा परिणाम पात्याला धडकणाऱ्या पक्ष्यापुरता थांबत नाही, खालच्या अन्नसाखळीपर्यंत जातो.

तोडगा काय?

केंद्र सरकारनं जुन्या चक्क्या बदलण्यासाठी 2016 मध्ये धोरण आणलं आणि 2023 मध्ये ते सुधारलं. पण मालकांना एकत्र आणणं, जुने वीजखरेदी करार आणि वाहिन्यांची क्षमता हे प्रश्न राज्याच्या पातळीवरच सुटू शकतात.

ते सुटले नाहीत तर नव्या चक्क्यांसाठी नवी जमीन लागणार. बीड आणि धाराशिवमध्ये हेच सुरू आहे, आणि तिथं शेतकऱ्यांच्या मोबदल्याचे वादही आहेत. डिसेंबर 2024 मधल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येच्या तपासातही पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा मुद्दा समोर आला.

जुन्या जागेवर कमी चक्क्यांत जास्त वीज मिळाली, तर तेवढी नवी शेतं आणि माळरानं वाचतील. वारा फुकट असला, तरी तो पकडायची जागा फुकट नाही.