उकडलेल्या अंड्यातील हिरवी कडा

उकडलेले अंडे मधोमध कापले की पुष्कळदा पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडी कडा दिसते. ‘अंडे नासले’ असे म्हणून वसतिगृहांतून कितीतरी बलक उष्ट्याच्या बादलीत जातात. वास्तविक अंड्यातील सुमारे ६ ग्रॅम प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास प्रथिने आणि लोह, ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वे तर जवळजवळ सगळीच त्या बलकात असतात. तेव्हा हा रंग येतो कोठून, हे आपण कलाशाखेच्या मंडळींनीही समजून घ्यावयास हवे.

अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिनांत गंधक असते. अंडे फार वेळ तापले म्हणजे त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटतो. बाहेरची बाजू तापलेली व मध्यभाग त्यामानाने थंड, म्हणून तो आत सरकतो. तेथे बलकातील लोहाशी त्याचा संयोग होऊन फेरस सल्फाइड तयार होते. हीच ती कडा. ती अपायकारक नसते, अंडे जास्त शिजल्याची ती खूण होय. अंडे जुने असल्यास कडा लवकर धरते.

बलक घट्ट होण्यास ७० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता पुरते. आपले नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर ते ९५ अंशांच्या आतच उकळते. तेथेही अंडे उकडते, थोडा वेळ अधिक लागतो इतकेच. मग घरी अर्धा तास खळखळा उकळण्याचे प्रयोजन काय?

चार-सहा अंडी बुडून वर बोटभर राहील इतके पाणी घ्यावे. उकळी फुटताच झाकण ठेवून आच बंद करावी व दहा-बारा मिनिटांनी अंडी थंड पाण्यात सोडावीत. बाहेरची बाजू निवाली की वायूची ओढ कवचाकडे होते. एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणीच कोमट असते. तेव्हा माठातले घ्यावे आणि दोन-तीनदा बदलावे.

मोठ्या पातेल्यात शेकडो अंडी उकडून त्याच गरम पाण्यात राहू दिली की कडा हमखास धरते. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविला. आता एखाद्या शाळेत लोकवर्गणीतून अंडे ताटात आले आणि मुलाने हिरवा बलक टाकून दिला, तर अंड्यातले सत्त्वच गेले. वेळेवर बंद केलेली आच आणि बादलीभर थंड पाणी, यांना खर्च तो किती!