ट्रकवरची पहिली नोकरी

आर. टी. ओ. ची परीक्षा झाली. ट्रकचे लायसन हातात आले. घरी पेढे वाटून झाले. एका वाहतूक कंपनीत कामही मिळाले. सोमवारी हजर व्हायचे आहे. आता पुढे काय?

आमच्या रात्रीच्या वर्गाला येणारे तरुण हा प्रश्न विचारतात. मी मास्तर माणूस. ट्रक मी चालवलेला नाही. पण माझे काही विद्यार्थी वीस-पंचवीस वर्षे ट्रकवर आहेत. गावी आले की ओट्यावर येऊन बसतात. त्यांच्याकडून ऐकलेले आणि कायद्याच्या पुस्तकात वाचलेले, असे दोन्ही मिळून हे लिहिले आहे.

ट्रकचे लायसन वयाची २० वर्षे पुरी झाल्यावर मिळते. त्याआधी निदान एक वर्ष हलक्या गाडीचे लायसन असावे लागते. ट्रकच्या लायसनची मुदत ५ वर्षे. पूर्वी ३ वर्षे असे. पूर्वी आणखी एक अट होती. ड्रायव्हर आठवी पास पाहिजे. ही अट २०१९ साली सरकारने काढून टाकली. गरिबाच्या पोराला काम मिळावे हा हेतू. हेतू चांगला आहे. पण अट गेली म्हणून वाचायचे काम गेले असे समजू नका. उलट ते आता वाढले आहे. कसे ते बघा.

पहिल्या दिवशी कंपनीत गेलात की कारकून चार कागद पुढे टाकतो. "कर सही, सगळेच करतात," म्हणतो. तुम्ही नम्रपणे म्हणा, "साहेब, वाचून करतो." पगार किती, प्रवासात खुराकी किती, महिन्याला सुट्ट्या किती, मालात तूट आली तर पैसे कोणाचे कापणार, हे त्या कागदात असते. नसेल तर विचारा. कोऱ्या कागदावर सही करू नका. मूळ लायसनही कोणाकडे ठेवायला देऊ नका. नक्कल द्या. लायसन तुमचे आहे, कंपनीचे नाही. पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापत असतील तर आपला खाते क्रमांक मागून घ्या. नोकरी बदलली तरी तो क्रमांक तोच राहतो. पुष्कळ ड्रायव्हरांचे पैसे नुसता क्रमांक ठाऊक नसल्यामुळे अडकून राहतात.

आता गाडीकडे वळू.

शिकवणीच्या शाळेत ट्रक बहुधा रिकामा असतो. कंपनीत तो भरलेला असतो. नवा ड्रायव्हर फसतो तो इथेच. रिकामी गाडी पायाखाली थांबते. भरलेली गाडी ब्रेक दाबल्यावरही पुढे ओढत नेते. कडब्यासारखा उंच माल असला तर वळणावर ती कलते. म्हणून पहिले काही दिवस कंपनीला सांगून जुन्या ड्रायव्हरबरोबर जा. त्यात कमीपणा नाही.

गाडीत किती माल भरायचा हे आर. सी. बुकावर लिहिलेले असते. तेथे दोन आकडे शोधा. एक रिकाम्या गाडीचे वजन आणि दुसरे मालासकट एकूण वजन. समजा, एकूण वजन १८,५०० किलो आहे आणि रिकाम्या गाडीचे ६,५०० किलो. वजाबाकी करा. १२,००० किलो उरले. साखरेचे पोते ५० किलोचे धरले तर २४० पोती झाली. मुकादम म्हणतो, "अरे, ३०० टाक, गाडी ओढते." गाडी ओढते हे खरे. पण ६० पोती जादा म्हणजे ३,००० किलो, म्हणजे ३ टन जादा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तीप्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर दर टनामागे २,००० रुपये. म्हणजे २६,००० रुपये झाले. शिवाय जादा माल तेथेच उतरवायचा, त्याची हमाली वेगळी. कायदा म्हणतो, जो गाडी चालवतो तो आणि जो चालवायला लावतो तो, दोघेही जबाबदार. मुकादम नाक्यावर नसतो. तुम्ही असता. म्हणून वजनकाट्याची चिठ्ठी हातात घेऊन, आकडा आर. सी. शी ताडून मगच किल्ली फिरवा.

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची. जुने ड्रायव्हर ही फेरी देवाला नमस्कार करावा तशी न चुकता मारतात. इंजिनातले तेल, रेडिएटरचे पाणी बघा. रेडिएटर थंड असतानाच उघडायचा, नाहीतर उकळते पाणी तोंडावर उडते. टायर लोखंडी दांडीने ठोकून बघा. हवा कमी असलेल्या टायरचा आवाज बद्द येतो. मागच्या जोड टायरांमध्ये दगड अडकला आहे का, चाकाचे नट ढिले आहेत का, फाळका नीट लागला आहे का, ताडपत्रीचे दोर सुटले आहेत का, मागचे दिवे लागतात का, सगळे बघा. इंजिन चालू करून हवेच्या ब्रेकचा काटा खुणेपर्यंत चढू द्या. हवा सुटल्याचा फुस्स आवाज येत असेल तर गाडी हलवू नका. एवढ्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात.

घाटाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण या बाबतीत चुकीचे शिकवणारे उस्ताद पुष्कळ भेटतात. "उतारावर न्यूट्रल कर, डिझेल वाचते," असे ते सांगतात. काही जण तर इंजिनच बंद करतात. असे का करू नये?

गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन चाकांना धरून ठेवते. लगाम घातल्यासारखे. न्यूट्रल केले की लगाम सुटला. मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला की ड्रम आणि लायनर घासून तापतात. फार तापले की त्यांची पकडच जाते. पाय तळापर्यंत जातो, पण गाडी थांबत नाही. त्यातून इंजिन बंद असेल तर टाकीत नवी हवा भरत नाही. प्रत्येक दाबाला हवा कमी कमी होत जाते. स्टिअरिंगही जड होते. घाबरून पुन्हा गिअर टाकायला जावे तर वेग वाढलेला असतो आणि गिअर पडत नाही.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एका ट्रकने पुढच्या कितीतरी गाड्यांना धडका दिल्या. त्या उतारावर त्याआधीही आणि त्यानंतरही मोठे अपघात झाले आहेत. माणसे गेली आहेत.

आणि डिझेल तरी वाचते का? आजच्या नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल आपोआप बंद होते. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला थोडे डिझेल जळतच राहते. म्हणजे वाचवायला गेलात आणि जादा जाळलेत! नियम सोपा आहे. जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. कसारा असो, खंबाटकी असो की बोरघाट असो. आणि तो गिअर उतार लागण्याआधीच टाका.

झोपेचे गणित आता करू. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे एका तासात ६०,००० मीटर. एका तासाचे सेकंद ३,६००. भागाकार केला की सेकंदाला जवळजवळ १७ मीटर येतात. तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर पुढे गेली, आणि चालवणारा कोणी नव्हता. पन्नास मीटरात शाळेची सबंध इमारत बसते. पहाटे दोन ते पाच ही वेळ फार वाईट. दुपारच्या जेवणानंतरचीही तशीच. चहा पिऊन, तंबाखू मळून, गाणी लावून झोप जात नाही, नुसती लांबते. गाडी ढाब्यावर किंवा पंपावर उभी करून अर्धा तास झोपावे, हाच उपाय. गाडी रस्त्याच्या कडेला अंधारात उभी करू नये. मागून येणाऱ्याला ती दिसत नाही.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम, आणि सलग ५ तास झाले की निदान अर्धा तास विश्रांती, असे माप त्याने घालून दिले. प्रत्यक्षात हे माप किती ठिकाणी पाळतात, ते रस्त्यावरची माणसे जाणतात. मालकाचा फोन येतो, "सकाळी माल पोचलाच पाहिजे." अशा वेळी एवढेच सांगावे, "शेठ, दोन तास उशीर होईल, पण गाडी पोचेल." मालक दोन शिव्या देईल. माझा एक विद्यार्थी म्हणतो, "सर, शिवी ऐकून मी झोपतो. जागा झालो की ती आठवतसुद्धा नाही."

रस्त्यात लागणारे कागद एका पिशवीत ठेवा. लायसन, आर. सी., विमा, फिटनेस, परमिट, पी. यू. सी. आणि मालाची बिल्टी. ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असेल तर बहुतेक मालाला ई-वे बिल लागते. त्याला मुदत असते. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी बिघडून रस्त्यात अडकली तर मुदत संपण्याची वाट न पाहता कंपनीला कळवा.

माल भरताना पोती स्वतः मोजा आणि उतरवतानाही मोजा. सील असेल तर त्याचा नंबर बिल्टीवरच्या नंबराशी जुळवा. गाडी खाली झाली की पोच पावतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. पोती भिजलेली किंवा कमी असतील तर तेथल्या माणसाकडून तसे लिहून घ्या. तोंडी सांगितलेले महिनाअखेरीस कोणाला आठवत नाही. एक छोटी वही खिशात असू द्या. तारीख, गाव, किलोमीटरचा आकडा, डिझेल किती लिटर, ॲडव्हान्स किती मिळाला, पंक्चरला किती गेले, हे रोज लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल, आकडा बरोबर पाहिजे.

अपघात झालाच तर काय करायचे? पहिली धाव जखमी माणसाकडे. १०८ नंबरला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते. पोलिसांसाठी ११२. जखमीला दवाखान्यात पोचवणे हे ड्रायव्हरचे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे. जमाव मारायला उठला तर जीव वाचवायला तेथून निघता येते, तेवढी सोय कायद्याने ठेवली आहे. पण निघालात तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा. २४ तासांच्या आत खबर दिलीच पाहिजे. विमा कंपनीलाही कळवावे लागते. लपून बसणाऱ्याची बाजू ऐकायला कोणी राहत नाही.

फेरी संपवून परत आलात की किल्ली टेबलावर टाकून तसेच घरी जाऊ नका. डावा ब्रेक ओढतो आहे, मागचा दिवा लागत नाही, हवा सुटते आहे, जे काही असेल ते गाडीच्या वहीत तारीख घालून लिहा, खाली सही करा आणि मेकॅनिकला दाखवा. उद्या त्याच गाडीवर दुसरा कोणी बसणार असतो.