भीती विझवणारे ‘आनंद’ रसायन

भूकंप, अपघात किंवा अत्याचारानंतर काहींची भीती ओसरतच नाही. झोपेतून दचकून जाग येते, तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. गांजातील घटकासारखे काम करणारी रसायने मेंदू स्वतःच बनवतो. १९९२मध्ये जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी त्यांतील एकाला संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदामाइड’ नाव दिले. या रसायनांचे रिसेप्टर नसलेल्या उंदरांची भीती धोका टळल्यावरही सहज जात नाही, असे २००२मध्ये दिसले. मग गांजा ओढावा का? मुळीच नाही. नियमित सेवनाने हेच रिसेप्टर कमी होतात, व्यसनही जडते. त्रास महिन्याहून अधिक टिकला तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. मानसोपचार व औषधांनी अनेकांना आराम पडतो.