जाधवांची गढी आणि सिंदखेडचे वाडे

पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढून गेलं, की जाधववाडीची गढी लागते. छत्रपती शाहूंचे सरदार पिलाजी जाधवराव यांनी ती १७१० मध्ये बांधली. आज या गढीत पाहुण्यांचं स्वागत तुतारीने होतं. विठ्ठल कामत यांनी तिचं हॉटेल केलं. तटबंदीच्या आत ऐसपैस खोल्या आहेत, पोहण्याचा तलाव आहे आणि ‘आई’ या नावाचं वस्तुसंग्रहालयही आहे. तीनशे वर्षांच्या भिंतींआड रात्र काढायला लोक आनंदाने पैसे मोजतात.

या जाधवांचं मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेडराजा. लखुजी जाधवांच्या तिथल्या राजवाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. एका गावात किती वास्तू असाव्यात! रंगमहाल, काळा कोट, नीळकंठेश्वराचं मंदिर, शिल्पांनी सजलेली पुतळा बारव, सजना बारव, मोती तलाव आणि मधोमध इमारत असलेला चांदणी तलाव. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाहीच्या दरबारात लखुजींची मुलांसह आणि नातवासह हत्या झाली. त्यांची भव्य समाधीही इथेच आहे. २०२४ मध्ये समाधीच्या परिसरात जतनाचं काम चालू असताना जमिनीखाली शेषशायी विष्णूची सुमारे १.७ मीटर लांबीची अप्रतिम मूर्ती सापडली. हे गाव अजून पुरतं उलगडलेलंच नाही.

जन्मस्थानाच्या राजवाड्याचं हॉटेल होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ती जागा नमस्कार करण्याची आहे. पण गावातल्या जुन्या वाड्यांचं काय? याचं उत्तर इटलीने दिलं आहे.

१९७६ च्या भूकंपात उत्तर इटलीतल्या फ्रिउली भागातली गावं कोसळली. ती पुन्हा वसवताना जियानकार्लो दाल्लारा यांनी एक कल्पना मांडली: हॉटेलसाठी नवी इमारत बांधायची नाही, गावातली रिकामी घरंच दुरुस्त करून खोल्या म्हणून द्यायची. स्वागतकक्ष एका घरात, जेवण दुसऱ्यात, झोपायची खोली तिसऱ्या गल्लीत. अब्रुत्सो प्रांतातलं सांतो स्तेफानो दि सेस्सानियो हे याचं देखणं उदाहरण. जिजाऊंच्या जन्माच्या एकोणीस वर्षं आधी, १५७९ मध्ये, हे डोंगरी गाव फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे गेलं आणि लोकरीच्या व्यापारावर भरभराटलं. पुढे तो व्यापार आटला, माणसं निघून गेली. दानिएले किलग्रेन यांनी तिथली घरं घेऊन दुरुस्त केली आणि चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंती तशाच ठेवल्या. उबेची सोय फरशीखाली दडवली. २००९ च्या भूकंपात तिथला मेदिचींचा बुरूज कोसळला, तोही पुन्हा उभारला गेला.

सिंदखेडला उबेपेक्षा गारव्याची गरज. तो वाड्यांच्या बांधणीतच असतो. दगड-मातीच्या जाड भिंतींतून दुपारचं ऊन आत पोचायला फार वेळ लागतो, आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते. दुरुस्ती मात्र चुन्यातच व्हायला हवी. घाण्यात मळलेला, गूळ आणि बेलफळाचा गर घातलेला चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो, मग भिंत फुगते, पापुद्रे सुटतात. जुन्या वाड्यांचं बरंच नुकसान अशा घाईच्या डागडुजीने झालं आहे.

पाहुण्यांना वाट सोपी आहे. समृद्धी महामार्ग तालुक्यातूनच जातो, आणि उल्कापाताने घडलेलं लोणार सरोवर पाहायला जगभरातून माणसं येतात. लोणार पाहून एक रात्र सिंदखेडच्या वाड्यात काढता आली, तर पहाटे मोती तलावाच्या काठाने फिरता येईल.

कायद्याचा कलही नव्या बांधकामापेक्षा दुरुस्तीच्याच बाजूला आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या २०० मीटरांत त्यासाठी परवानगी लागते. जुन्या घराची दुरुस्ती मात्र रीतसर परवानगी घेऊन तिथेही करता येते.